विसरणाऱ्यांचा डॉक्टर

बाटली उजेडाकडे धरायची, लेबल वाचल्यासारखं करायचं आणि हात धुवायच्या बेसिनमध्ये ती उपडी करायची. पेशंटच्या देखत. मेंदूचं टॉनिक गुळगुळ आवाज करत खाली जायचं आणि साहेब म्हणायचे, "चला, साकोलीच्या नालीची स्मरणशक्ती वाढली."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर येईनासं झालं, कारण मी बेसिनकडे बघायचं सोडून बाटली आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागले. दूरच्या गावाहून एसटीने आलेली म्हातारी, बाटली लुगड्याच्या घोळात सांभाळून आणलेली. तिला वाटायचं, डॉक्टर बाटली पाहील आणि म्हणेल, बरं औषध आहे, चालू ठेवा. साहेब ओतून मोकळे. टॉनिक निरुपयोगी होतं, हे खरंच. साहेबांचं बहुतेक खरंच असायचं. त्या माणसाचा राग येण्याचं तेही एक कारण होतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या काळी साकोलीत राहिलेल्यांना ते सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. हायवेवर, बसस्टँडच्या थोडं पुढे, त्यांच्या वडिलांच्या राइस मिलच्या गोदामाला लागून त्यांचा खाजगी दवाखाना होता. मी तिथे नर्स होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लागले आणि दवाखान्याला कुलूप पडलं तेव्हाच बाहेर पडले.

नागपूरला मेडिकलला ते पहिले आले होते. मेंदूचं पुढचं शिकायला विलायतेला जायचं ठरलं होतं, कपडेसुद्धा शिवून झाले होते. वडिलांनी अडवलं. "इथल्या लोकाईले कोण पाहील?" असं वडील म्हणाले म्हणे. पुढे वडील वारले, साहेब इथेच राहिले आणि इथल्या लोकांना त्याची शिक्षा देत राहिले. पेशंटशी ते मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचे, मध्ये एक भिंत घातल्यासारखे. फार संतापले की मात्र बालपणीची बोली तोंडात यायची. "काहून आला बे इथं?" असं आतून ऐकू आलं की बाहेर बाकावर बसलेले निम्मे लोक चपला घालून उभे राहायचे.

सर्दी, खरूज, हगवण यांना ते 'भाजीपाला' म्हणायचे. त्या पेशंटकडे वर न बघताच लिहून द्यायचे. पण कोणी म्हटलं की, "साहेब, बुढ्याचं डोस्क गेलं, त्याले काही आठवत नाही," की साहेबांचा पेन खाली. खुर्ची मागे सरकायची. डोळ्यांत एक चमक यायची, तिला मी दया समजत होते. पहिलं वर्षभर.

आमच्या भागात तेव्हा पन्नाशीपुढचा माणूस विसरायला लागला की घरच्यांचा निकाल ठरलेला असे. डोस्क गेलं, आता असंच चालायचं. आजूबाजूचे डॉक्टरही 'म्हातारपण आहे' म्हणून टॉनिक लिहून द्यायचे. साहेबांना त्या शब्दाची चीड होती. "म्हातारपण हा रोग नाही. ते आळशी डॉक्टरांचं उत्तर आहे," ते म्हणायचे. असा पेशंट आला की बहुतेक वेळा आधी ते नातेवाइकांना बाहेर काढायचे.

"पण साहेब, त्याले सांगता येत नाही. आठवतच नाही त्याले."

"मग तुम्हाला सांगता येतं? बापाने आज सकाळी काय खाल्लं?"

नातेवाईक दाराकडे वळायचे. साहेब माझ्याकडे बघून हसायचे. त्या हसण्यात मलाही सामील करून घेत, आणि ते मला मुळीच आवडायचं नाही.

एक उदाहरण सांगते, म्हणजे माणूस कसा होता ते तुम्हालाच दिसेल. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जन्म काढलेला एक म्हातारा साकोलीला लेकीकडे राहायला आला होता. लेक त्याला घेऊन आली. "बाबुजीले आत्ता सांगतलं अन् आत्ता विसरले. पाणी भरून ठेवा म्हनलं तं बसूनच राहतेत. जावई म्हणते, येडा झाला बुढा."

साहेब उठून म्हाताऱ्याच्या पाठीमागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "आजोबा, तुमच्या धोतराला आग लागली आहे."

म्हातारा समोरच्या कॅलेंडरकडे बघत शांत बसून होता.

"जे कानात शिरलंच नाही ते हा विसरणार कसं?" साहेब लेकीला म्हणाले. मी कोमट पाण्याने कान धुतले. चिंचोक्याएवढा काळा मळ निघाला, दोन्हीकडून. खाणीतल्या सुरुंगांच्या धडाक्यांनी काही ऐकू येणं कायमचं गेलं होतं, पण बरंच परत आलं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तसा म्हातारा दचकून उभाच राहिला. मग लेक रडत काहीबाही सांगत होती, ते तो डोळे मोठे करून ऐकत राहिला आणि मला म्हणाला, "बाई, हे एवढी बोलते?"

मी हसले, म्हातारा हसला, लेकही डोळे पुसत हसायला लागली. साहेबांना ते सहन झालं नाही. "बाप बहिरा होत होता आणि तुम्ही त्याला वेडा ठरवत होतात. लाज वाटते का? जा आता," ते म्हणाले. लेकीचं तोंड पडलं. बाप बरा होऊन चालला होता आणि ती गुन्हेगारासारखी त्याच्यामागून निघाली. साहेबांनी बरा केलेला प्रत्येक माणूस दवाखान्यातून निघताना कोणाचा तरी अपमान सोबत घेऊन जायचा.

तरी लोक यायचे. काय करतील? लाखनीच्या एका दुकानदाराची बायको स्वयंपाक करता करता थांबून, आपण काय करत होतो, असं विचारायची. साहेबांनी तिच्या उशाशी काय असतं ते विचारलं. नवरा तिला रोज रात्री झोपेची गोळी देत होता, कितीतरी वर्षं, शांत राहावी म्हणून. "तुमची बायको विसरत नाही. तुम्ही तिला झोपवून ठेवली आहे," साहेब म्हणाले आणि हळूहळू गोळ्या उतरवल्या. ती बाई पुढे दुकानाच्या गल्ल्यावर बसू लागली. असं काही झालं की आसपासच्या गावांत बोलबाला व्हायचा. विसरणाऱ्यांचा डॉक्टर, असंच त्यांचं नाव पडलं.

दिघोरीची बाई आली ती या नावामुळेच.

मे महिना होता. पंखा गरम वारा फेकत होता आणि ही बाई शाल पांघरून बसली होती. पंचेचाळीसच्या आतबाहेर वय. तोंड सुजल्यासारखं, भुवया विरळ. सोबत नवरा आणि नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भासरा. घरी धानाची बरीच शेती. नवरा दाराशी उभा. बोलत होता तो भासराच.

"हे भुलली साहेब. दूध चुलीवर ठेवते अन् परसात जाऊन बसते. भाजीत मीठ तीनदा टाकते. पोरायचं नाव घ्यायले वेळ लागते तिले. भगत झाला, टॉनिक झालं. आता म्हनलं तुमाले दाखवून घेऊ, नाही तं माहेरी पोचवून देऊ."

बाटली बेसिनमध्ये गेली. दोघं भाऊ बाहेर गेले. साहेबांनी बाईला नाव विचारलं. तिने सांगितलं, पण इतक्या सावकाश आणि इतक्या घोगऱ्या, पुरुषी आवाजात की मी चमकले. साहेब मात्र पुढे झुकले.

"आवाज आधीपासून असाच?"

"नाही. मी भजनात म्हनत होती," ती म्हणाली. मध्ये बराच वेळ गेला. "आता नाही निघत."

साहेबांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेलं आणि परत वर यायला मात्र रेंगाळलं, दमलेल्या माणसासारखं. साहेबांनी पुन्हा मारली. पुन्हा तसंच. ते मला म्हणाले, "सिस्टर, बघा. बघून ठेवा. मेंदू शाबूत आहे हिचा. गळ्यातली ग्रंथी संपावर गेली आहे. सगळं शरीरच थंडावलंय, त्यात मेंदूही." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला. मी बाईकडे पाहिलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

म्हणून मीच सांगितलं, "बाई, तुमी येड्या झाल्या नाही. हा रोग आहे, गोळीनं बरा होते."

तिने माझा हात धरला. हात बर्फासारखा होता.

रक्त नागपूरला पाठवलं, निदान पक्कं झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. भाऊ निकाल ऐकायला आले तेव्हा साहेबांनी दोघांना उभंच ठेवलं. "बैलाने वैरण सोडली तर तुम्ही भंडाऱ्याहून डॉक्टर आणाल. ही शाल पांघरून उन्हाळा काढते ते घरात एकालाही दिसलं नाही?" भासरा काही बोलायला गेला तर म्हणाले, "तू चूप बस बे. तुझ्या डोस्क्यालेच गोळी पाहिजे, पण तशी गोळी निघाली नाही अजून." मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करते. त्या दिवशी तो तिरस्कार योग्य माणसावर पडला होता.

पावसाळा गेला, धान कापणीला आलं. ती बाई आली ती एकटीच, बसने. चेहऱ्यावरची सूज उतरलेली, नाक-डोळे जागेवर आलेले, चाल तरतरीत. मी तिला ओळखलंच नाही. आवाज ऐकला तेव्हाही नाही. तो मोकळा झाला होता.

"आता आठवतं ना?" मी विचारलं.

"सारं आठवते बाई. तेच तं." ती माझ्या बाजूला बसली. "मले वाटलं होतं, ते दिवस पुसून जातीन. नाही गेले. गोठ्याच्या बाजूच्या खोलीत मले ठेवलं, भासऱ्यानं बाहेरून कडी लावली. पोरं दाराशी येत तं जाऊबाई म्हने, येडीच्या हातचं खाऊ नोका. मालक आंगणात बसून आयकत होता. मले सारं समजत होतं. बोलाले येत नव्हतं, जीभ उचलतच नव्हती. आता जीभ उचलते." तिने पदर खोचला. "चूल वेगळी केली म्या."

मालक, म्हणजे तिचा नवरा, तिच्या चुलीवर जेवायला आला, असं तिने सांगितलं. तिने वाढलं. बोलली नाही.

साहेबांना तिचा अभिमान वाटू लागला. तिचा म्हणजे तिच्या रोगाचा. त्या हिवाळ्यात त्यांनी भंडारा-गोंदियाकडचे काही डॉक्टर जेवायला बोलावले आणि दवाखान्यात बैठक ठेवली. बाईला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तिला वाटलं, तपासणी असेल. तिला मध्ये उभं करून साहेब सांगू लागले, ही कशी आली होती, किती मंद, घरच्यांनी कशी गोठ्यात टाकली होती. एकाने भुवया पाहिल्या. एकाने टाचेवर हातोडी मारून पाहिली. साहेबांनी तिच्या जुन्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली. दोघंतिघं हसले.

बाई खाली बघत होती. मग वर बघून म्हणाली, "डॉक्टर, तिकडं मले गोठ्यात ठेवलं होतं. तुमी तं बाजारात आणून उभी केली."

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. "पाहिलंत? बुद्धी किती तल्लख झाली!" ते म्हणाले. बाई पदर सावरून बाहेर आली. मी तिच्यामागे गेले तर म्हणाली, "रोग वळखते बाई हा मानूस. मानूस नाही वळखत."

तरीही गोळ्यांसाठी ती येत राहिली आणि गावात कोणी विसरायला लागलं की त्याला आमच्याकडेच पाठवत राहिली. दिघोरीच्या शाळेतल्या गुरुजींनाही तिनेच पाठवलं.

गुरुजी एकटे आले. सडपातळ, धुतलेला पायजमा-शर्ट, बोलणं नीटनेटकं. आपण काय काय विसरतो हे त्यांनी क्रमाने सांगितलं. वर्गात मुलांची नावं आठवत नाहीत. धडा शिकवताना मध्येच कुठे होतो ते कळत नाही. बाजारातून सायकल न घेताच पायी घरी आले. साहेब ऐकता ऐकता कंटाळलेले मला दिसत होते. त्यांचा एक नियम होता, अनेकदा मला सांगितलेला. ज्याचा मेंदू खरंच झिजतो त्याला आणावं लागतं, तो स्वतः येत नाही. एकटा आला आणि आपला विसर आपणच तपशीलवार सांगू लागला, तर मेंदू शाबूत आहे असं समजायचं.

तरी त्यांनी तपासलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, गुरुजींनी केले. तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली, गुरुजींनी सांगितली. हातोडी मारली, डोळे पाहिले, गळा पाहिला.

"तुम्हाला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग मले पोट्ट्यायचं नाव काहून आठवत नाही?"

"कारण तुम्ही लक्ष देत नाही."

"लक्ष काहून लागत नाही साहेब?"

"ते मला काय विचारता? रजा हवी असेल तर सरळ रजेचा अर्ज करा. रोग कशाला शोधता?"

गुरुजींची लेक त्या वर्षी सासरी बाळंतपणात गेली होती. बाईकडून मला ते कळलं होतं. मी साहेबांच्या बाजूला जाऊन हळूच सांगितलं, "साहेब, यांची मुलगी गेली या वर्षी."

"मी मेंदू तपासतो, सुतक नाही," साहेब म्हणाले. हळू नव्हे. गुरुजींनी ऐकलं. ते उठले, साहेबांना नमस्कार केला आणि गेले. नमस्कारही नीटनेटका.

गुरुजींचा मेंदू झिजलेला नव्हता, हे निदान बरोबर होतं. इतकं बरोबर की साहेबांनी त्यापुढे बघायची तसदी घेतली नाही. 'हे नाही' एवढं कळल्यावर 'मग काय आहे' हा प्रश्न उरतो, आणि तो विचारायला माणसाकडे बघावं लागतं. मला त्या दिवशी या माणसाच्या हुशारीची किळस आली.

महिना-दीड महिना गेला असेल. सकाळी दवाखाना नुकताच उघडला होता. बाकावर गर्दी होती. दिघोरीची बाई आली ती नंबर न लावता सरळ आत. साहेब एका पोराच्या घशात बॅटरी मारून बघत होते.

"गुरुजी काल सकाळी तलावात उतरले," ती म्हणाली. "ढिवर जाळं टाकून राहिले होते, त्यायनं वढून काढलं. जित्ता आहे."

साहेबांनी बॅटरी खाली ठेवली.

"म्या धाडलं होतं त्याले तुझ्यापाशी." ती त्यांना तू म्हणत होती. "त्यानं घरी येऊन बायकोले सांगतलं, मोठ्या डॉक्टरनं पाहिलं, मले काही झालं नाही, मीच खोटा आहो. माझा रोग तुले दिसला, त्याचा काहून नाही दिसला? सांग ना. माझ्या रोगाची गोळी होती म्हणून दिसला. त्याच्यात तुले शाबासकी नव्हती."

पोराच्या आईने पोराला उचलून घेतलं. मला वाटलं, आता साहेबांची बोली बाहेर येणार. ते उठले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. मग म्हणाले, "सिस्टर, बॅग घ्या."

त्यांच्या फियाटमध्ये आम्ही दोघी मागे बसलो. दिघोरीत बाईने गुरुजींचं घर दाखवलं.

गुरुजी ओसरीत बाजेवर पडले होते. बायको पायाशी बसलेली. साहेबांना स्टूल दिलं. त्यांनी गुरुजींचं मनगट हातात घेतलं आणि नाडी बघू लागले. बघतच राहिले. एवढी नाडी कोणी बघत नाही. मला कळलं की यांना पुढे काय करायचं ते माहीत नाही. विलायतेच्या शिक्षणाच्या लायकीचा हा माणूस त्या ओसरीत एखाद्या नवशिक्यासारखा बसला होता. मला मदतीला जावंसं वाटलं नाही.

"झोप?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लागते. पहाटे उडते. मंग नाही लागत."

"जेवण?"

"वाढते तेवढं जेवतो."

मग एकदम, आपल्या नेहमीच्या तुटक आवाजात, "मुलगी कशाने गेली?"

गुरुजींच्या बायकोने तोंडाला पदर लावला. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. गुरुजी आढ्याकडे बघत राहिले. मग सांगू लागले. रक्त थांबलं नाही. बैलगाडीने नेत होते. आपल्याला निरोप उशिरा मिळाला. तोंड पाहायला मिळालं नाही. साहेब नाडी धरूनच होते.

"वर्गात एक पोट्टी आहे," गुरुजी म्हणाले. "तिचं नाव माझ्या पोरीचंच. तिच्यापाशी आलो का ते नाव घ्यावं लागते. ते टाळतो साहेब. ते टाळता टाळता पुढची नावं बी जातेत. सारीच जातेत."

साहेबांनी हात सोडला. माफी मागितली नाही. "हा आजार आहे," ते म्हणाले. "तुम्ही खोटे नाही. दुःख फार दिवस मनात कोंडून राहिलं की लक्ष आतच अडकतं, बाहेरचं टिपतच नाही. याला गोळ्या आहेत. गोळ्यांनी मुलगी परत येणार नाही. झोप येईल, जेवण गोड लागेल, नावं येतील. ते नाव घ्यायला त्रास होईलच. तो व्हायचाच." मग गुरुजींच्या बायकोला म्हणाले, "यांना एकटं सोडायचं नाही. आणि मुलीबद्दल घरात बोला. रोज बोला. काय बोलायचं ते मला विचारू नका, मला येत नाही."

नागपूरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना त्यांनी तिथूनच चिठ्ठी लिहिली. आठवड्याने स्वतः गुरुजींना गाडीत घालून घेऊन गेले.

दिघोरीहून परत येताना मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं साहेब."

त्यांनी गाडीचा गिअर बदलला. "मग जोरात सांगायचं," म्हणाले.

बघा, असा माणूस. चूक झाली तरी निम्मी माझ्या पदरात टाकूनच घरी गेला. मी त्याला माफ केलं नाही आणि आजही केलेलं नाही. गुरुजी हळूहळू उठले, पुढच्या जूनमध्ये शाळेत गेले, तरीही नाही.

साहेब सुधारले असं मी म्हणणार नाही. बाटल्या बेसिनमध्ये जातच राहिल्या. नातेवाइकांची बोलणी चालूच राहिली. फक्त विसरणारा कोणी आला की हातोडी खाली ठेवल्यावर ते एक प्रश्न जास्त विचारू लागले, तोही अंगावर फेकल्यासारखा. "घरात कोणी मेलं का?" लोक हादरायचे. काही नाही म्हणायचे. काही एकदम रडू लागायचे. मग साहेब छताच्या पंख्याकडे बघत बसायचे, चेहरा त्रासलेला, जसं काही समोर कोणी खोकतंय. पण रडणं थांबेपर्यंत 'पुढचा' म्हणून हाक मारायचे नाहीत. बाहेर भाजीपाला ताटकळत राहायचा.

पुढे काही वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, एका दुपारी जेवायला घरी गेले ते आलेच नाहीत. छातीत दुखलं आणि संपलं. साठीही झाली नव्हती. गावातल्या प्रतिष्ठित लोकांनी खांदा दिला. बरा झालेला पेशंट मला फारसा कोणी दिसला नाही, आणि त्यात मला नवल वाटलं नाही. मुलं नागपूरला होती. त्यांनी पाटी काढली, सामान नेलं, कुलूप लावलं.

दिघोरीच्या बाईला उशिरा कळलं. गोळ्या घ्यायला म्हणून ती आली आणि दवाखाना बंद दिसला. मी जवळच राहत होते. शेजारच्याने सांगितलं म्हणून गेले, तर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. केस बरेच पांढरे झालेले. मी तिच्या बाजूला बसले. गोळ्या आता कोणाकडून घ्यायच्या ते सांगितलं. तिने मान हलवली.

मग मागे वळून तिने दारावरचं कुलूप पाहिलं.

"चांगला मानूस नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," मी म्हणाले.

दिघोरीवरून जाणारी लाखांदूरची बस आली, थांबली, माणसं चढली. ती उठली नाही. मीही तिला उठ म्हटलं नाही. दुसरी बस येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.